पलंगावरचा लाइट

१

मोहिनीताईंची एकच अट होती. बाबांच्या खोलीत काम करताना मोठ्याने बोलायचं नाही.

बाबा म्हणजे त्यांचे सासरे, देवराम. सगळी नोकरी इगतपुरीला रेल्वेत झाली. निवृत्त होऊन मुलाकडे इंदिरानगरला राहायला आले आणि वर्ष व्हायच्या आत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, एखाददुसरा शब्द तेवढा यायचा. मुलगा ललित मस्कतला नोकरीला. त्यामुळे सासऱ्यांचं सगळं मोहिनीताईच करायच्या. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. मध्येमध्ये लॅपटॉप उघडून त्यांची स्वतःची नोकरीही चालायची.

फ्लॅट शेवटच्या मजल्यावरचा, वर थेट गच्ची. होळी झाली की स्लॅब तापायचा आणि बाबांची खोली भट्टी व्हायची. म्हणून त्यांनी फॉल्स सीलिंग करायला घेतलं आणि सीलिंग होतंच आहे तर लाइटही आत बसवायचे ठरले. सीलिंगचं काम भिकाचं, लाइटचं माझं. भिका पेठकडचा. आम्ही किती घरं एकत्र केली ते आता आठवायचंही नाही. तो पट्ट्या ठोकून जिप्समचे बोर्ड चढवायचा, सांधे भरायचा आणि मग म्हणायचा, "घे किशोर, आता कर चाळण."

मी लाइट आधी जमिनीवर आखतो. वर मान करून आखलं की चूक होते. दोन लाइटांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपासून. भिंतीच्या फार जवळ घेतला तर भिंतीवर उजेडाच्या कमानी उमटतात, त्या मला आवडत नाहीत. फरशीवर खडूने खुणा करायच्या, त्यावर लेझर ठेवायचा, लाल ठिपका वर जिथे पडेल तिथे पेन्सिलने फुली. मग सबंध खोली दारातून एकदा बघायची.

बाबांच्या खोलीत चार लाइट घेतले. खिडकीकडचा नेमका पलंगावर येत होता. आम्ही पलंग भिंतीला सरकवला, बाबांच्या अंगावर जुनी चादर टाकली. ते उताणे पडून वर बघत होते. त्यांना दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या सीलिंगकडे त्यांच्याइतकं कोणी बघणार नव्हतं, म्हणून मी तिथल्या फुल्या दोनदा तपासल्या.

२

तीन भोकं नेहमीसारखी पडली. होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, लावली की बोर्डाचा पांढरा भुगा खाली येतो. तो डोळ्यांत जातो, कानात जातो, घरी जाऊन अंघोळ केली तरी भुवयांत राहतो. मी चष्मा लावतो, तोंडाला रुमाल बांधतो. तीन भोकांत तसा तो आला.

खिडकीकडचं भोक पाडलं तेव्हा भुगा आला नाही.

मी घोड्यावर, म्हणजे आमच्या दुपायी शिडीवर, उभा होतो. सॉ बोर्डात शिरल्याचं हाताला कळलं, आवाजही तोच. चष्म्यावर मात्र काही पडेना. बोर्डाची गोल चकती सुटली. ती एरवी सॉमध्ये अडकून येते, नाहीतर आत बोर्डावर पडते आणि टक् आवाज होतो. ही आत गेली आणि आवाज झाला नाही. मी मशीन बंद करून बघितलं. भोकाच्या कडेला चिकटलेला उरलासुरला भुगा सुटत होता आणि वर जात होता. हळू, एकेक कण.

"वारं हाय," खालून भिका म्हणाला.

मलाही तेच वाटलं. जुना स्लॅब, कुठेतरी फट असेल, गच्चीवरून हवा ओढली जात असेल. पंखा मी आधीच बंद केला होता. वायर शोधायला मी हात वर केला, तेवढ्यात भिका म्हणाला, "थांब, पट्टी आडवी आली आसंल. माझी चूक हाय, मी बघतो." तो वर चढला आणि त्याने उजवा हात कोपरापर्यंत भोकात घातला.

त्याने स्वतः ते सीलिंग टांगलं होतं. बोर्ड आणि स्लॅब यांच्यात वीतभर जागा होती, जास्तीत जास्त. भिकाचा हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत. त्याने टाचा उंचावल्या. गाल बोर्डाला टेकला.

"स्लॅब लागंना," तो म्हणाला.

मी हसलो. शेजारच्या भोकात मी हात घालून बघितला होता. बोटं लगेच काँक्रीटला लागली होती, खरखरीत आणि गरम.

पलंगावरून बाबांचा आवाज आला. "धर."

इतक्या दिवसांत त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. जड, लोळत आलेला, पण स्पष्ट. भिकाने हात झटक्यात बाहेर काढला आणि तो घोड्यावरून उतरला. उतरताना त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं.

३

"बुजव ते," जिन्यात बसून भिका म्हणाला. आम्ही डबा खायला खाली आलो होतो. त्याने डबा उघडला नव्हता.

"काय लागलं हाताला? तार?"

"कायच नाय."

"मग?"

"कायच नाय लागलं, तेच सांगतोय. कोणी हात धरला आसता तरी मी म्हणलो आसतो, चला, कोनतरी हाय. तिथं कायच नाय, किशोर. लय खोल हाय आन् कायच नाय."

मी त्याला म्हटलं, ऊन लागलंय तुला. मग एकटा वर गेलो आणि शेजारच्या भोकात मोबाइल धरून व्हिडिओ काढला. त्यात सगळं दिसलं. स्लॅबचा तळ, भिकाने ठोकलेल्या पट्ट्या, आमची वायर आणि खिडकीकडे खालून आत आलेला उजेडाचा गोळा, म्हणजे तेच भोक. त्याच्यावर स्लॅब होता. अखंड, फटसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं की मी मोहिनीताईंकडे चहा मागितला.

त्या भोकात मी हात घातला नाही. गरज पडली नाही असं मी स्वतःला सांगितलं. वायरचं टोक कडेलाच लोंबत होतं, ते चिमट्याने ओढून घेतलं, लाइट जोडला, दोन्ही स्प्रिंगा मागे दाबून आत सोडल्या. चटकन बसला. भोक झाकलं गेलं. बटण दाबल्यावर चारही लाइट लागले. मऊ, पिवळसर उजेड. मोहिनीताई दारात आल्या.

"बाबा, बघा," त्या म्हणाल्या, "किती छान झाली तुमची खोली."

आम्ही पलंग जागेवर सरकवला. बाबा म्हणाले, "धर."

मोहिनीताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

४

भिका दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. फोन केला तर त्याची बायको सुलाबाई बोलल्या. अंग दुखतंय म्हणाल्या. मी हॉलचे लाइट एकट्याने संपवले. त्या घरात जायला मला काही वाटत नव्हतं. खोट्या धीराने हे म्हणत नाही. दिवसाढवळ्या, खाली भाजीवाल्याची हाक, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, अशा घरात भीती वाटावी असं काही नव्हतं.

एवढंच की बाबांच्या खोलीत मी गेलो की आधी त्यांचे केस बघायचो. विरळ पांढरे केस. मोहिनीताई रोज तेल लावून चापून बसवायच्या. ते उभे राहू लागले होते. सगळे सरळ वर. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना अंगावरची लव उभी राहते तसे. हवा कोरडी आहे, मी मनाशी म्हटलं.

शेवटच्या दिवशी हत्यारं भरताना मोहिनीताई सहज म्हणाल्या, "किशोरदादा, बाबा हलके झालेत हो."

"जेवण कमी झालं असेल."

"जेवतात. पण आधी कुशीवर वळवायचं म्हणजे माझी पाठ मोडायची. आता एका हाताने वळतात. डॉक्टर म्हणाले, पडून पडून मांस झडतं." त्या थोड्या हसल्या. "खरं सांगू? मला बरंच वाटलं. किती दिवसांनी रात्री पाठ दुखली नाही."

मी खोलीत डोकावलो. बाबा नेहमीसारखे उताणे होते. चेहरा भरलेला, दंडही भरलेला. झडलेलं मला काही दिसलं नाही. गादी मात्र सपाट होती. माणूस झोपला की गादी दबते, कडा वर येतात. ही दुकानातून आताच आणल्यासारखी होती आणि तिच्यावर बाबा अलगद ठेवल्यासारखे होते.

५

मी भिकाकडे गेलो. पेठ रोडला त्याची भाड्याची खोली आहे, वर पत्रा. सुलाबाई दारातच म्हणाल्या, "भाऊ, तुमीच सांगा आता त्यास्नी. दवाखान्यात येत नायत."

भिका भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात अंगाशी घेऊन त्यावरून गमछा कमरेभोवती घट्ट आवळला होता, वर सुलाबाईंचं लुगडंही गुंडाळलं होतं.

"मोडला का?" मी विचारलं.

"नाय."

"मग बांधलास कशाला?"

डाव्या हाताने त्याने गाठ सैल केली. उजवा हात गमछ्यातून निसटला आणि वर गेला. त्याने उचलला नाही, हे मला शपथेवर सांगता येईल. बोटं ढिली होती, मनगट लुळं होतं. पाण्यात बुडवलेलं लाकूड सोडल्यावर वर येतं तसा तो हात वर आला आणि डोक्यावर सरळ थांबला. खांद्याची कातडी ताणली गेली होती.

सुलाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

"दुखतं?"

"नाय रं. हलकं वाटतं." त्याचे डोळे भरून आले. "काल खांदापण हलका झाला. झोपीत लय गोड वाटतं, किशोर. त्याचीच भीती वाटती."

मी दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढला. जोर लावावा लागला. पुन्हा गमछा आवळला, माझ्या पिशवीतली जाड वायर काढून वरून गुंडाळली. गाठ मारताना माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. भिकाचा फक्त हात आत गेला होता, तोही थोडा वेळ. बाबा त्या लाइटखाली रात्रंदिवस झोपले होते.

तेवढ्यात मोहिनीताईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण वाक्य पुरं होत नव्हतं. "तुम्ही येता का... तो लाइट काढून... ते बंद करून टाका."

६

मी बोर्डाचा तुकडा, स्क्रू, पुट्टी घेऊन पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. मोहिनीताईंनी पलंग दाराकडे ओढून घेतला होता. बाबांच्या छातीवरून आणि मांड्यांवरून दोन साड्या पलंगाला बांधल्या होत्या.

"पडू नयेत म्हणून," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मी घोडा मांडला. लाइट ओढला तर तो निघाला, पण खाली आला नाही. हातातून सुटून वर गेला आणि वायर ताठ झाली. मी वायर कापली. ती माझ्या हातातून सळसळत गेली. भोकात बघायचं नाही असं ठरवून मी बोर्ड त्यावर दाबला आणि चारही कडांना स्क्रू मारले. पुट्टी लावली. ती गुळगुळीत पसरली, थेंबभरही खाली सांडली नाही. सगळं बंद झालं. मी उतरलो. खोलीत पहिल्यासारखं वाटलं. मी मोहिनीताईंना म्हणालो, "झालं."

आणि मग मी पलंगाकडे बघितलं.

खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. बाबांच्या पाठीखाली, पाठ आणि गादी यांच्या मध्ये, त्या उन्हाची एक पट्टी होती. या बाजूने शिरून त्या बाजूला निघालेली. डोक्याखालीही होती. टाचांखालीही. साड्या दोन्हीकडे ताठ होत्या, त्यांच्या गाठी करकरत होत्या.

"आता उतरतील ना?" मोहिनीताईंनी विचारलं. "बंद केलंय ना आता."

आम्ही वाट बघितली. त्या बाबांचं कपाळ पुसत राहिल्या. पट्टी कमी झाली नाही.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावते," त्या शेवटी म्हणाल्या.

मीही हो म्हणालो. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं? तिथे डॉक्टर असतात, मशिनं असतात. कोणीतरी या प्रकाराला नाव देईल. नाव मिळालं की इलाजही असेल. मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं.

७

ॲम्ब्युलन्सबरोबर दोघं आले. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं, म्हणून जिन्याने न्यायचं ठरलं. साड्या सोडण्याआधी मी त्यांना स्ट्रेचरचे पट्टे आवळायला लावले. पुढचा माणूस पहिल्याच वळणावर म्हणाला, "आजोबा कापसाचे झालेत की."

मोहिनीताई बाबांचा डावा हात धरून शेजारून उतरत होत्या. बाबांचे डोळे उघडे होते. प्रत्येक मजल्यावर जिन्याची खालची बाजू त्यांच्या डोळ्यांपुढून सरकत होती आणि ते ती बघत होते. मला वाटतं, त्यांना माझ्या आधी कळलं होतं. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आल्यावर ते "धर, धर, धर" म्हणायला लागले.

पार्किंगचं छत बुटकं होतं, ॲम्ब्युलन्स आत आली नव्हती. ती बाहेर उभी होती. आवारात, उन्हात.

छताच्या कडेशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. कडेपाशी मात्र माझे पाय थांबले. भोक बंद करून मी काय केलं होतं? सीलिंग होतं, त्यावर स्लॅब होता, म्हणून ते खोलीत राहिले होते. इथे वर काय होतं?

"थांबा," मी ओरडलो. "पट्टे सोडू नका!"

पण स्ट्रेचर उन्हात पोचलं होतं. गाडीतलं स्ट्रेचर वेगळं होतं, त्यावर बदलायचं म्हणून पुढच्या माणसाने खाली वाकून सवयीने दोन्ही बकलं दाबली होती.

मी वर बघितलं नाही. हे मी पोलिसांनाही सांगितलं, ललितरावांनाही सांगितलं. मी खाली बघत होतो. मला मोहिनीताईंच्या टाचा चपलांतून उचललेल्या दिसल्या, मग बोटं. चपला तिथेच राहिल्या. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली आणि लोंबकळलो. त्या काही ओरडत होत्या. बाबा काहीच बोलत नव्हते. मग एकाएकी मोहिनीताईंचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं आणि आम्ही दोघं फरशीवर पडलो. त्यांनी हात सोडला की तो निसटला, हे मी विचारलं नाही.

दुपारचं ऊन डोक्यावर होतं. फरशीवर, रिकाम्या स्ट्रेचरच्या शेजारी, एक सावली होती. हातपाय पसरलेल्या माणसाची. ती आमच्यापासून सरकली, उभ्या स्कूटरवरून गेली, कुंपणाच्या भिंतीवर चढली. सरकताना तिच्या कडा पुसट होत होत्या. पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर ती नुसती करडी झाली, मग तीही दिसेना. ॲम्ब्युलन्सचा माणूस वर बघत होता.

८

पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद झाली. ज्या माणसाला स्वतःची कूस बदलता येत नव्हती, तो बेपत्ता. ललितराव मस्कतहून आले. मला घरी बोलावून त्यांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि मग शांतपणे दार उघडून धरलं. मोहिनीताई आतल्या खोलीत होत्या. त्या बाहेर येत नाहीत, असं नंतर वॉचमनकडून कळलं. घरातसुद्धा कशाला तरी धरूनच चालतात म्हणे.

मी लाइटची कामं सोडली. पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनं बघतो. तिथलं छत खूप उंच आहे. मी मान खाली घालून काम करतो.

परवा सुलाबाईंचा फोन आला. आवाज बसला होता.

"भाऊ, आता पायपण," त्या म्हणाल्या. "काल मी पाणी भरून आले तर हे पत्र्याला पाठ लावून... वर. हसत व्हते. शेजारच्या लोकांनी ओढून खाली घेतले. पाटा-वरवंटा ठिवलाय मांडीवर. सगळे म्हणत्यात मोठ्या दवाखान्यात न्या, गाडी आणलीय दारात. नेऊ ना?"

मागून माणसांचे आवाज येत होते. कोणीतरी म्हणत होतं, उचला, हलका आहे. आणि त्या सगळ्यांत भिकाचा आवाज होता, माझं नाव घेत असलेला.

"वहिनी, ऐका," मी म्हणालो. "त्याला बाहेर काढू नका. पत्र्याखालीच ठेवा. काही झालं तरी उघड्यावर नेऊ नका."

"पर किती दिवस, भाऊ?"

पलीकडे दाराची कडी वाजली आणि सुलाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "थांबा, थांबा जरा, तिकडून नका नेऊ..."

मग फोन कुठेतरी आपटला. तो चालूच होता. मी ऐकत राहिलो. आधी खूप जणांचा एकदम ओरडा आला, आणि मग हळूहळू सगळे गप्प झाले.